धोंड्यातला घुमारा

"अवो लिमये वहिनी, राग मानू नका, पण वर तुमचा तबला सुरू झाला की खाली आमचा पाळणा वाजतोय."

इंगवले वहिनी दारात उभ्या होत्या आणि माझे दोन्ही हात अनारशाच्या पिठात होते. साताऱ्याच्या आमच्या इमारतीत त्या आमच्या अगदी खालच्या घरात राहायच्या. त्यांची पूनम बाळंतपणाला माहेरी आली होती. पाळणा छताच्या कडीला टांगलेला, आणि ती कडी नेमकी आमच्या ह्यांच्या गाण्याच्या खोलीखाली.

"वाजतोय म्हणजे?"

"साखळ्या वाजत्यात खुळखुळ. पोर दचकून उठतंय. पूनमला रात्रीची झोप न्हाई, दुपारी जरा डोळा लागला की वरनं ढुम्म ढुम्म. साहेबांना मी खिडकीतनं हाका मारल्या, तर त्यांनी वळूनसुद्धा बघितलं न्हाई."

"ते माझ्या हाकेलाही वळून बघत नाहीत," मी म्हटलं, "तुमचं काय घेऊन बसलात."

त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "आमचे हे सोसायटीत अर्जच देणार हुते. मी म्हटलं, आधी मी बोलून बघते. काय तरी करा वहिनी. तान्हं पोर हाय."

आता यात रागावण्यासारखं काय होतं? मला स्वतःलाच त्या आवाजाचा वैताग आला होता. आमच्या लेकीचं, शालूचं, लग्न झालं आणि तिची अभ्यासाची खोली ह्यांनी ताब्यात घेतली. दोन कपाटाएवढे स्पीकर, रेकॉर्ड लावायचं यंत्र, भिंतभर रेकॉर्डी, आणि त्यातल्या निम्म्या तबल्याच्या. पाटबंधारे खात्यात नोकरी केली तरी ह्यांचा जीव कायम तबल्यात. तरुणपणी भजनी मंडळात वाजवायचे. पुढे बोटं दुखायला लागली आणि वाजवण्याचं ऐकण्यावर आलं. रोज दुपारचा चहा झाला की हे त्या खोलीत जाणार आणि दिवेलागणीला बाहेर येणार. त्या वेळात घरात कुणी मेलं तरी चालेल, असं मी म्हणायची.

पण एवढा दणदणाट पूर्वी नव्हता. गेल्या एक-दोन वर्षांत ह्यांनी दोन्ही स्पीकर ढकलत ढकलत अगदी कोपऱ्यात नेले होते, आपली खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली होती आणि खालचा सूर वाढवायचं बटण जाईल तिथपर्यंत फिरवून ठेवलं होतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या थरथरायच्या. म्हातारपणी माणसाचे षोक वाढतात, अशी मी समजूत करून घेतली.

वाढलं होतं आणखीही एक. लग्न झाल्यापासून हे जेवताना खिडकीकडे तोंड करून बसायचे. मी आपली ह्यांच्या डाव्या कानाशी बोलायची. मग एक दिवस ताट उचलून समोरच्या खुर्चीवर येऊन बसले, ते बसलेच. मी बोलत असले की घास हातात धरून माझ्याकडे बघत राहायचे. कोथिंबीर महाग झाली, एवढंच सांगत असायची मी, पण असे बघायचे की जसं काही रामायण सांगते आहे. मी कुणाजवळ बोलले नाही, पण मला ते फार आवडलं होतं. जेवायला बसण्याआधी मी केसांवरून हात फिरवायला लागले होते.

संध्याकाळी जेवताना मी ह्यांना इंगवले वहिनींचं गाऱ्हाणं सांगितलं. हे ऐकत राहिले.

"बंदच करायचं?" त्यांनी विचारलं.

"मग काय करणार? आवाज कमी करा म्हटलं तर तुम्ही करत नाही."

"कमी करून उपयोग नाही गं," हे म्हणाले. मग ताटात बघून म्हणाले, "पण लहान बाळ आहे. बंद करायला हवं."

आणि खरंच बंद केलं. दुपारी चहा घेऊन त्या खोलीत जायचे आणि मऊ फडक्यानं एकेक रेकॉर्ड पुसत बसायचे. पुसून झाली की परत पाकिटात. मला वाटलं होतं चिडतील, आदळआपट करतील. माणूस चिडला तर आपल्याला भांडता तरी येतं. हे नुसते पुसत बसले. मी उठून शालूला फोन लावला.

आमचे जावई, कौस्तुभ, पुण्याला नाट्यगृहांच्या आवाजाचं काम बघायचे. कुठल्या खुर्चीवर ऐकू येत नाही, कुठे घुमतं, ते शोधून ठीक करायचं, असलं काहीतरी. तो अधिक महिना होता आणि रविवारी दोघं धोंड्याच्या जेवणाला यायचीच होती. लेक-जावई म्हणजे या महिन्यात लक्ष्मी-नारायण. त्यांचे पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं, त्यांनी नुसतं बसायचं आणि आपण त्यांचं करायचं. अशा माणसाला शुक्रवारीच बोलावून कामाला जुंपणं मला बरं दिसत नव्हतं. पण शालू म्हणाली, "आई, तो जेवणापेक्षा त्या खोलीलाच जास्त खूश होईल."

झालंही तसंच. आल्या आल्या कौस्तुभनं हातपाय धुतले न धुतले आणि खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. मग कान टवकारून गप्प राहिला.

"आई, ही खोली चौकोनी आहे."

"खोल्या चौकोनीच असतात की."

"नाही, लांबी-रुंदी अगदी सारखी. खालच्या, घुमणाऱ्या आवाजाला याच्याइतकी वाईट खोली नाही. आवाज भिंतीवर जाऊन आपटतो, परत फिरतो. इकडून येणारा आणि तिकडून जाणारा एकमेकांवर चढतात आणि सगळे कोपऱ्यात जाऊन गोळा होतात."

"लग्नात बायका होतात तशा," मी म्हटलं.

"बरोबर तशाच. आणि आपण नेमके स्पीकर त्यांच्यात नेऊन उभे केलेत."

त्यानं सोबत आणलेल्या डबीतून एकच जाड, सरळ सूर लावला, आणि मला खोलीभर चालायला लावलं. हे एक नवलच होतं. कोपऱ्यात उभी राहिले तर छातीत धडधडावं इतका आवाज. चार पावलं मधे आले तर काहीच नाही, जणू कुणी बंद केला. परत भिंतीशी गेले की आहेच. मी दोन-तीनदा पुढे-मागे करून पाहिलं. शालू हसायला लागली. हे दारात उभे होते, कौस्तुभच्या तोंडाकडे बघत.

मग जावयांनी माझ्या पाहुण्यांच्या गाद्यांना हात घातला. चांगल्या कापसाच्या, पिंजून घेतलेल्या, माळ्यावर जपून ठेवलेल्या गाद्या. त्यांच्या वळकट्या करून, नाडीनं बांधून, एकावर एक उभ्या करून दोन्ही कोपरे छतापर्यंत भरले.

"गोधड्या घ्या ना हव्या तर," मी म्हणाले.

"पातळ गोधडी वरचे वरचे आवाज खाते, आई. खालचा आवाज खायला जाड गादीच लागते."

"आणि पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांना या खोलीत उभं झोपवा," शालू म्हणाली.

शनिवारी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर आले. त्यांच्याखाली जुन्या रबरी स्लिपरा कापून ठेवल्या, म्हणजे थरथर फरशीत उतरू नये. ते बटण उलटं फिरवून मधे आणलं. शेवटी कौस्तुभनं ह्यांची खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली.

"खुर्ची भिंतीला टेकलेली नाही का चालणार?" हे इतक्या वेळात पहिल्यांदाच काही बोलले.

"नाही बाबा. भिंतीपाशीच सगळा घुमारा जमतो. तुम्हाला खरा तबला ऐकूच येत नव्हता, नुसता घुमाराच येत होता."

"असं होय," हे म्हणाले, आणि पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले.

कौस्तुभनं रेकॉर्ड लावली. खरं सांगते, मला तबल्यातलं ओ का ठो कळत नाही, पण त्या दिवशी मला एकेक बोट वेगळं ऐकू आलं. बरण्या गप्प होत्या. शालू धावत सज्जात गेली आणि खालून इंगवले वहिनींचा आवाज आला, "लावलाय व्हय? आम्हाला काय बी कळलं न्हाई! साखळ्या गप हायत! पोर झोपलंय!"

"कसं वाटतंय, बाबा?" कौस्तुभनं समोर येऊन विचारलं. त्याचा चेहरा इतका उजळला होता.

"छान," हे म्हणाले. "फारच छान. माझी खोली धन्य झाली हो, जावईबापू."

रविवारी सकाळी पुरण शिजत होतं. लेक-जावई बाजारात गेली होती. मी ह्यांना अंघोळीला पाणी काढलंय म्हणून सांगायला गेले. स्वयंपाकघरातून हाका मारून झाल्या होत्या, नेहमीसारखा उत्तराचा पत्ता नव्हता. तावातावानंच मी त्या खोलीत शिरले.

हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरत होती, डावा पंजा मधूनच दाबला जात होता. मान हलत होती. आणि रेकॉर्ड संपलेली होती. सुई शेवटच्या रेघेत नुसती टिकटिक फिरत होती.

मला वाटलं, आता डोळे उघडतील. मी तशीच थांबले. मग जाऊन सुई उचलली. टिकटिक बंद झाली. ह्यांची बोटं चालूच.

मी "अहो" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मग पुढे होऊन ह्यांच्या हातावर हात ठेवला, तेव्हा ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मग यंत्राकडे.

"संपली वाटतं," हे म्हणाले.

मी समोरच फरशीवर बसले.

"कधीपासून?"

"दोन-अडीच वर्षं झाली असतील. आधी चाटी गेली. ते टणटण बोल असतात ना, ते. मग गाण्याचे शब्द. डग्गा तेवढा राहिला होता. भिंतीला डोकं टेकवलं की तो हाडातनं यायचा. त्याच्यावर मग बाकीचं मी मनानं भरून घ्यायचो. पाठच आहेत सगळ्या रेकॉर्डी."

"आणि आता?"

"आता सगळं मनानंच."

मला रडू आलं आणि मला रडू आलं की मी भांडते. "मग काल छान छान काय म्हणत होतात? सांगायचं नाही त्याला?"

"त्या पोरानं दोन दिवस अंगमेहनत केली. धोंड्याला आलेला जावई. त्याला सांगू, की तू केलेलं काढून टाक? आणि काढलं तरी खालचं बाळ आहेच." मग हळूच म्हणाले, "तू पण सांगायचं नाहीस. मला शब्द दे. कौस्तुभला काही बोलायचं नाही."

"मला तरी सांगायचंत."

"माझे काका आठवतात ना? ऐकू येईनासं झालं तसं सगळ्यांनी त्यांच्याशी बोलायचंच सोडून दिलं. जेवण झालं की खुणेनं ऊठ, औषध दाखवून घे. कुणी वाईट नव्हतं गं. ओरडून ओरडून माणसं कंटाळतात. तू बोलायची थांबलीस तर मी काय करू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खिडकी सोडून समोर येऊन बसणं. घास हातात धरून बघणं.

"म्हणजे जेवताना तुम्ही माझे ओठ वाचत होतात," मी म्हटलं. "आणि मी मेली केस विंचरून बसत होते."

ह्यांनी माझा हात हातात घेतला. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण ह्यांनी माझा हात सोडला नाही. मी शब्द दिला.

बाराच्या सुमाराला पाट मांडला. माझ्या माहेरचा सागवानी पाट, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं असलेला. आमच्या लग्नात अंतरपाटाच्या अलीकडे मी याच पाटावर उभी होते. भोवती रांगोळी काढली. कौस्तुभ पाटावर बसला, शालू शेजारी दुसऱ्या पाटावर. पुढ्यात परात ठेवली आणि हे तांब्या घेऊन खाली बसले.

"बाबा, राहू द्या ना," कौस्तुभ संकोचून म्हणाला. "तुम्ही वाकू नका. गुडघा दुखतो तुमचा."

हे खाली मान घालून त्याच्या पायांवर पाणी ओतत होते. मान न उचलताच म्हणाले, "हो तर. फारच छान झालीय खोली."

शालू हसली. तिला वाटलं, बाबा थट्टा करतायत. कौस्तुभ हसला नाही. तो ह्यांच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत राहिला. मग अगदी सरळ आवाजात म्हणाला, "बाबा, पाणी फार गरम आहे."

"हो हो," हे म्हणाले आणि आणखी ओतलं.

पाणी गार होतं. कौस्तुभनं माझ्याकडे बघितलं. मी पदरानं तोंड पुसलं. शब्द दिला होता खरा, पण तो कौस्तुभला न सांगण्याचा. लेकीला काही सांगायला मला कुणाची बंदी होती?

"शालू," मी खणखणीत म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला सांग, तुझ्या बाबांना तबला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. घुमाराच तेवढा ऐकू येत होता, तो तुझ्या नवऱ्यानं काल गादीत गुंडाळून ठेवला. आणि बाबांचं तोंड काही उघडत नाही, कारण जावई नारायण पडले ना!"

शालूच्या हातातलं फूल परातीत पडलं. ह्यांनी वर बघितलं, आमची तोंडं बघितली, आणि काय झालंय ते ओळखलं. तांब्या खाली ठेवला. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला ह्यांचा.

"बाबा," शालू रडवेली झाली, "तुम्ही सांगितलं का नाही?"

कौस्तुभनं परातीतल्या आपल्या ओल्या पायांकडे बघितलं. मग एकदम उठला.

"अहो, पाटावरून उठू नये मधेच!" मी म्हणाले.

त्यानं नुसतं उठून भागवलं नाही. रांगोळीतून पाट उचलला, काखेत मारला आणि ओल्या पायांनी खोलीकडे चालू लागला. फरशीवर रांगोळीचे गुलाबी पाय उमटत गेले. जाता जाता शालूला म्हणाला, "डिकीतली निळी पेटी आण."

त्या पेटीत त्याचे स्पीकरचे काय काय तुकडे असायचे. त्यातला एक बशीएवढा, नुसताच लोखंडी गोळा निघाला. त्याला म्हणे आवाज नसतो, नुसती थरथर असते, ज्याला लावाल ते वाजतं. कौस्तुभनं पाट उलटा केला आणि माझ्यादेखत त्याला चार भोकं पाडली. मी तोंडावर हात ठेवला. सागवान होतं ते! पण आवाज काढला नाही. गोळा खालून घट्ट बसवला, एक वायर यंत्राला जोडली, एका जाड गादीची घडी घालून त्यावर स्लिपरांचे तुकडे ठेवले आणि त्यावर पाट सुलटा टेकवला.

"गादी कशाला?" मी विचारलं.

"थरथर पाटातच राहायला हवी, आई. फरशीत उतरली तर खालचं बाळ उठेल."

मग त्यानं ह्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, आणि स्वतः खाली बसून ह्यांचे पाय हातात घेतले.

हे दचकले. पाय ओढून घ्यायला लागले. "अहो जावईबापू, हे काय करताय! धोंड्यात जावयानं सासऱ्याचे पाय धरायचे? लोक काय म्हणतील!"

कौस्तुभनं मान वर केली, ह्यांना दिसेल असा चेहरा धरला आणि सावकाश म्हणाला, "बाबा, ठेवा पाय."

त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलानं त्यानं दोन्ही पाय पुसले आणि पाटावर ठेवले. शालूनं सुई टेकवली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. ह्यांचा चेहरा कोराच होता. मग उजव्या पायाचा अंगठा हलला. मग दोन्ही पायांची बोटं पसरली आणि पाटाला घट्ट चिकटली. ह्यांनी डोळे मिटले नाहीत. उलट मोठे केले. कधी पाटाकडे बघत होते, कधी कौस्तुभकडे. ओठ हलायला लागले. मांडीवर बोटं सुरू झाली, आणि तबल्याबरोबर, एकाच क्षणी, ह्यांचा हात वर जाऊन खाली आला.

"समेवर आला," हे म्हणाले. "बरोबर समेवर आला."

कौस्तुभनं मान फिरवली आणि पेटीतले स्क्रू आवरायला लागला. आवरण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाला, "कानाचं यंत्रही घेऊ बाबा. बोलणं त्यातनं येईल. पण डग्गा मात्र असाच ऐका."

मी सज्जात जाऊन खाली वाकले. "वहिनी! पाळणा?"

"काय झालं पाळण्याला? पोर गाढ झोपलंय! तुमचा स्वयंपाक झाला न्हाई का अजून?"

पुरणाचे धोंडे गार होत होते. मी परत आले ती सगळ्यांना उठवायलाच. हे मला बघून खुर्चीत जरा सरकले आणि पाय पाटाच्या एका बाजूला घेतले.

"ये," हे म्हणाले. "पाय ठेव."

"मला काय कळतंय त्यातलं."

"ठेव तर."

मी शेजारच्या स्टुलावर बसले आणि चप्पल काढून पाय ठेवला. आधी गुदगुल्या झाल्या. मग ते पायातून वर चढलं, पोटरीतून, गुडघ्यातून. आतून कुणीतरी हळू दाबावं, सोडावं, परत दाबावं, तसं. मधेच खोल जाऊन थांबायचं आणि माझाही श्वास त्याच्याबरोबर थांबायचा. इतकी वर्षं हे त्या खोलीत जाऊन बसायचे आणि मी बाहेर बरण्या सावरत कुरकुरायची. कशासाठी जात होते, ते मला त्या दिवशी पायातून कळलं. ह्यांचं पाऊल माझ्या पावलाला टेकलं होतं. जावई समोर होता तरी मी काढून घेतलं नाही.

आज हे नाहीत. अधिक महिना आला की कौस्तुभ त्याच पाटावर बसतो. चार भोकं मी मेणानं बुजवलेली आहेत, पण त्याचा हात खाली जातोच, चाचपून बघायला.

त्या दिवशी रेकॉर्डची बाजू संपली आणि मी उठले. मी जरा जास्तच मोठ्यानं ओरडले, "चला आता! गार झालं सगळं! जेवायला चला!"

"ओरडतेस कशाला," हे म्हणाले. "बघतोय ना मी तुझ्याकडे."